‘प्रार्थनेत आठवण ठेवते’ म्हणण्याआधी

सर्जिकल वॉर्डात भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा. एकदा हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला भेटायला त्याच्या चर्चच्या मंडळीतले नऊ-दहा जण आले. खाटेभोवती कडं करून उभे राहिले. दोन गीतं झाली, पाळकांची प्रार्थना झाली, मग आणखी दोघांनी केली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा लघवीचं भांडं मागायचं म्हणून केव्हाचा अवघडून बसला होता. निघताना प्रत्येकाने पेशंटच्या बायकोचा हात हातात घेऊन सांगितलं, ‘‘ताई, प्रार्थनेत आठवण ठेवतो.’’ सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, ‘‘सिस्टर, इथं चहा कुठं मिळेल? सकाळपासून खाली जायलाच जमलं नाही.’’

दहा माणसं येऊन गेली, पण ‘मी बसतो, तू खा काहीतरी’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी मनातल्या मनात चिडले. मग आठवलं, आदल्याच रविवारी मीही एका घरी हेच वाक्य बोलून आले होते. आणि आठवण ठेवली नव्हती.

चौतीस वर्षं नर्सिंग केलं आणि नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत महिला मंडळाचं काम केलं. त्यात चुकत-माकत जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. प्रवचन करणार नाही, ते रविवारी मिळतंच.

आधी शब्द नीट बघू

आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘प्रीती’ हा शब्द आहे. घरात आपण हा शब्द वापरत नाही. घरात माया करतो, जीव लावतो. त्यामुळे ‘प्रीती’ रविवारच्या कपड्यांसारखी झाली आहे: इस्त्री करून ठेवायची आणि भक्तीला जाताना अंगात घालायची.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातल्या नवव्या वचनात प्रेषित पौल म्हणतो की प्रीतीत ढोंग नको. मूळ ग्रीकमधला ‘ढोंगी’ हा शब्द रंगभूमीवरून आला आहे. त्याचा अर्थ नट, आणि तिकडचे नट मुखवटे घालून काम करत. म्हणजे पौलाचं सांगणं इतकंच की मुखवटा काढून प्रीती करा. इसवी सन ५७च्या सुमारास त्याने हे पत्र करिंथाहून लिहिलं, आणि ज्यांना लिहिलं त्यांच्यात काही गोडीगुलाबी नव्हती. कुणी मांस खावं, कुणी कुठला दिवस पाळावा, यावरून यहुदी आणि यहुदीतर विश्वासी एकमेकांना दोषी ठरवत होते. चौदावा अध्याय वाचा, आपल्या कुठल्याही मंडळीच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखं वाटेल.

लग्नात वाचतात त्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचंही तसंच. करिंथची मंडळी एकमेकांना कोर्टात खेचत होती, आणि प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण पोटभर खात असताना गरिबांना उपाशी ठेवत होती. त्यांना तो अध्याय लिहिला. ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असं आपण वाचतो तेव्हा ती गुणांची यादी वाटते. मुळात तिथे पंधरा क्रियापदं आहेत. प्रीती काय करते आणि काय करत नाही, एवढंच.

इथे एक प्रश्न मला तरुण संघातल्या मुली नेहमी विचारतात: मनातून वाटत नसताना चांगलं वागणं हेच ढोंग नाही का? अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. काही पेशंट शिव्या देतात. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल माया वाटायची का? अजिबात नाही. पण कूस बदलायचे, आणि हात जोरात लावायचा नाही एवढं बघायचे. मला यात ढोंग दिसत नाही. वाटत नसताना ‘मला तुमचं किती वाटतं’ म्हणून दाखवणं आणि कूस मात्र न बदलणं, हे ढोंग. भावना कमी असेल तर गप्प राहून काम करावं. भावना पुष्कळदा मागून येते. काही वेळा येतही नाही.

सुरुवात एका नावापासून

‘सर्वांवर प्रीती करा’ हे वाक्य हातातून निसटतं. सर्व म्हणजे कुणीच नाही. म्हणून कागदावर तीन नावं लिहा: एक घरातलं, एक मंडळीतलं, एक बाहेरचं. मंडळीतलं नाव आवडत्या माणसाचं नको. कागद शास्त्राच्या पुस्तकात ठेवा आणि कुणाला दाखवू नका. महिनाभर एवढीच तीन माणसं. प्रत्येक नावापुढे दर आठवड्याला एक कृती लिहायची, जी झाली की नाही हे रविवारी सांगता येईल. ‘तिच्याशी चांगलं वागेन’ चालणार नाही. ‘बुधवारी तिचं वीजबिल भरून देईन’ चालेल.

घरातलं नाव सगळ्यांत अवघड. भक्तीहून येताना फाटकापाशी आपला आवाज बदलतो, हे मुलांना आपल्याआधी कळतं. माझ्या मुलाने लहानपणी विचारलं होतं, ‘‘आई, तू चर्चमधल्या आवाजात घरी का नाही बोलत?’’ घरासाठी मी एकच उपाय सांगेन. दुसरं माणूस रोज जे काम करतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, ते आठवड्यातून एकदा न सांगता करून टाका. सासूबाईंच्या गोळ्या डबीत भरणं असो की नवऱ्याने रोज भरायचं पिण्याचं पाणी असो. आणि केल्यावर बोलून दाखवू नका. हे दुसरं पहिल्याहून अवघड आहे.

‘काही लागलं तर सांगा’ बंद करा

याकोबाच्या पत्रात एक बोचरी जागा आहे: कुणी उघडा असेल, त्याला रोजचं अन्न मिळत नसेल, आणि तुमच्यापैकी कुणी त्याला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणेल पण लागतं ते देणार नाही, तर काय उपयोग? ‘काही लागलं तर सांगा’ हे त्याचंच आजचं मराठी. अडचणीतलं माणूस सांगत नाही. त्याला काय लागणार आहे हेच त्याला धड सुचत नसतं, आणि सुचलं तरी मागायची लाज वाटते.

त्याऐवजी दिवस, वेळ आणि वस्तू ठरवून बोला. ‘‘उद्या रात्री दहा ते सकाळी सहा मी पेशंटजवळ बसते, तुम्ही घरी जाऊन झोपा.’’ ‘‘मंगळवार ते शुक्रवार दोघांचा डबा माझ्याकडून. तिखट चालतं का?’’ समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असावं.

दवाखान्यात माणसाला खरोखर काय लागतं ते मी इतकी वर्षं पाहिलं आहे. रात्री बसायला माणूस, नातेवाइकाचा डबा (पेशंटला आहार मिळतो, नातेवाइकाला नाही), लॅबमधून रिपोर्ट आणणं, मोबाइलचा चार्जर, घरी राहिलेल्या मुलांना शाळेत सोडणं, रक्त लागलं तर दाता. आणि कागदपत्रं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारा आजार असेल, तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटावं लागतं. खेड्यातून आलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. तिथे सोबत जाऊन रांगेत उभं राहणारा एक भाऊ वीस गीतांपेक्षा उपयोगी.

प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाही. पेशंटला विचारा, ‘‘प्रार्थना केली तर चालेल?’’ आणि दोन मिनिटांत, हळू आवाजात संपवा. पाच जण एकदम जाऊ नका. ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य तर तोंडातून येऊच देऊ नका. शास्त्रात ईयोब नावाच्या माणसावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

‘प्रार्थनेचा विषय’

आपल्याकडे चहाडीला एक पवित्र नाव आहे. ‘‘तिच्यासाठी प्रार्थना करायला हवी हं. नवरा हल्ली घरी येत नाही म्हणे.’’ घरसभेत डोळे मिटून हे बोललं की बारा जणांना बातमी कळते आणि बोलणारी नामानिराळी. आता तर व्हॉट्सॲपवर दोन हात जोडून एका मिनिटात तालुकाभर.

माझा नियम साधा आहे. जिच्याबद्दल बोलायचं ती समोर बसली असती तर हेच शब्द वापरले असते का? आणि तिने ‘सांगा’ म्हटलं आहे का? दोन्हींचं उत्तर हो नसेल तर घरी एकटीने प्रार्थना करावी. देवाला नाव-गाव माहीत असतं, बाराजणींना कळवायची गरज नसते. कुणी आपल्यासमोर विषय काढलाच, तर ‘‘चल, आत्ताच तिला फोन करून कशी आहे विचारू’’ म्हणावं. फार जण विषय बदलतात.

पैसे

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला व्यवहार बारकाईने बघा. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या अनोळखी माणसापाशी तो थांबला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्री सोबत राहिला. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी. जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला. स्वतःचं काम सोडून तिथेच ठाण मांडून बसला नाही. किती देणार आणि पुढचं कधी बघणार, दोन्ही स्पष्ट. मला हा माणूस फार व्यवहारी वाटतो.

उसने मागायला कुणी आलं की देण्याआधी आपल्या मनात ठरवा: दान की उसने? दान असेल तर ‘परत नको’ हे स्पष्ट सांगा, म्हणजे तो रस्त्यात तोंड चुकवणार नाही. उसने असेल तर दोघांच्या सहीने कागदावर लिहा. यात अविश्वास नाही, उलट पुढची कटकट वाचते. आणि बुडाले तर झोप उडेल एवढी रक्कम देऊ नका. पतसंस्थेत जामीन राहण्याबद्दल शास्त्रातलं नीतिसूत्रांचं पुस्तक स्पष्ट बोलतं: दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नको. नाही म्हणता येणं हाही निष्कपटपणाच. तोंडावर ‘बघते’ म्हणून पंधरा दिवस फोन न उचलणं यात कुणाचंच भलं नाही.

तक्रार असेल तेव्हा

इथे मी सपशेल आपटले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका वर्षी नाताळच्या प्रीतिभोजनाच्या हिशेबात अठराशे रुपयांचा मेळ लागेना. खजिनदार मी, खरेदी बघणारी दुसरी बाई. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत. भावाने अपराध केला तर आधी दोघं एकांतात असताना त्याला सांग. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. मी जिना वरून खाली उतरले. आधी जाऊबाईंना सांगितलं, मग शेजारणीला, मग मंडळात ‘हिशेबासाठी प्रार्थना’ मागितली. तिला मात्र विचारलंच नाही. तीन आठवड्यांनी मंडपवाल्याला दिलेल्या ॲडव्हान्सची पावती सापडली, माझ्याच फाइलमध्ये, वीजबिलाला चिकटलेली. रक्कम बरोबर अठराशे.

तेव्हापासून पहिल्या पायरीचं मी असं करते. फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच, समोर जाऊन. जाण्याआधी एक रात्र जाऊ द्यायची, पण आठवडा नाही. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं इफिसकरांस पत्रात आहेच. मला तेवढं जमत नाही, दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत जमतं. गेल्यावर आरोप करायचा नाही, प्रश्न विचारायचा: ‘‘या अठराशेचा मला मेळ लागत नाही, तुमच्याकडे काही आहे का बघाल?’’ मग गप्प बसायचं. समोरची बोलेपर्यंत खरंच गप्प.

दुसऱ्या पायरीला नेलेली माणसं आपल्या बाजूची नसावीत. तीही ज्यांचं ऐकते अशी असावीत. तिसऱ्या पायरीनंतरही ऐकलं नाही तर त्याला विदेश्यासारखा, जकातदारासारखा समज, असं तिथे म्हटलं आहे. यावर लोक खूश होतात: काढा बाहेर! पण हे ज्याच्या शुभवर्तमानात लिहिलं आहे तो मत्तय स्वतः जकातदार, म्हणजे लोक ज्यांना तुच्छ मानत असा करवसुली करणारा होता, आणि येशू त्याच्या पंगतीला बसून जेवला होता.

माफी मागताना

‘‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी’’ ही माफी नाही. यात चूक तिच्या वाटण्याची होते. काय केलं ते नाव घेऊन म्हणा: ‘‘मी तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल तीन ठिकाणी बोलले. ते खोटं होतं. माझं चुकलं.’’ ‘पण’ लावू नका. मग भरपाई: जिथे जिथे बोललात तिथे तिथे जाऊन दुरुस्त करा. मी जाऊबाईंकडे गेले, शेजारणीकडे गेले, मंडळात उभी राहिले. मंडळात उभं राहताना पाय कापत होते, एवढं सांगते. आणि शेवटचं, उत्तर मागू नका. ‘क्षमा केली ना?’ असं खोदून विचारणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं.

क्षमा म्हणजे परत मार खायला जाणं नाही

हे मी ठणकावून लिहिते, कारण कॅज्युअल्टीत रात्री आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ‘जिन्यावरून पडले’ म्हणतात आणि गळ्यावर बोटांचे वण असतात. त्यांतल्या काही आमच्यासारख्याच रविवारी भक्तीला येणाऱ्या घरांतल्या होत्या. त्यांना ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करायचं वचन ऐकवून परत पाठवणारी माणसंही मी पाहिली आहेत. प्रीती ‘अपकार स्मरत नाही’ हे खरं. मूळ शब्द हिशेबाच्या वहीतला आहे, म्हणजे सूड घ्यायला उधारी मांडून ठेवत नाही. पण वही मिटली म्हणून घराच्या किल्ल्या पुन्हा हातात द्यायच्या असं नाही. क्षमा आजही करता येईल; विश्वास त्याने वागून मिळवायचा, आणि तोवर बाईने आणि मुलांनी सुरक्षित जागी राहायचं.

मंडळीतली बाई असं काही सांगेल तर आधी विश्वास ठेवा, नवऱ्याला बोलावून ‘समेट’ घडवायला धावू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. तिच्यासोबत जा. डॉक्टरांना खरं सांगायला सांगा, म्हणजे केसपेपरवर येईल.

आपल्यातले आणि बाहेरचे

स्थळ आलं की आपल्याकडे आजही हळूच विचारतात, ‘‘पण मूळचे कुठल्यातले?’’ बाप्तिस्म्याला तीन-चार पिढ्या उलटल्या तरी. पौलाने यहुदी-यहुदीतरांना एका मेजावर बसवण्यासाठी एवढी पत्रं लिहिली आणि आपण प्रीतिभोजनाच्या पंगतीत सुद्धा आपापली माणसं शोधून बसतो. पुढच्या वेळी जिथे कधी बसत नाही तिथे ताट घेऊन बसा. बाकी काही बोलायची गरज नाही.

शेजारच्या वेगळ्या धर्माच्या माणसावर केलेली माया गळाला लावलेलं आमिष असू नये. फराळाच्या ताटाखाली पत्रक ठेवायचं नाही. तो दिवाळीला देतो ते आनंदाने खायचं, आपण नाताळला द्यायचं. तो कधीही चर्चमध्ये येणार नाही हे लेखी मिळालं असतं तरी मी हा डबा दिला असता का, असं स्वतःला विचारावं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळात त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या त्या आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच. टिळक काही सोपे गृहस्थ नव्हते, पण बायकोच्या श्रद्धेला तिच्या वेळेने चालू द्यायचं एवढं त्यांना जमलं. आपल्याला वर्षभरात निकाल हवा असतो.

आता त्या प्रीतिभोजनाच्या बाईंचं. माफी मागितली त्या दिवशी त्या ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मंडळात आल्या नाहीत. भक्तीला दुसऱ्या बाजूच्या बाकांवर बसतात. मी दर नाताळला करंज्यांचा डबा त्यांच्याकडे पाठवते. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, साखर तरी घालतात. माझा सहा वर्षं रिकामा परत आला, स्वच्छ घासून पुसून. गेल्या नाताळलाही रिकामाच आला, पण झाकण माझं नव्हतं, त्यांच्या घरचं होतं, नीट बसतही नव्हतं. गडबडीत बदललं असेल. माझं झाकण आणायला जायचं आहे.